दुरुस्तीच्या नौकेस शुल्क माफ

लांबून पांढरी जीप दिसली की आक्का स्टोव्हवरचं आधण तसंच ठेवून हातोडी उचलायची. जीप धक्क्याच्या उतारावर येईपर्यंत उलट्या होडीच्या बुडावर ठक ठक सुरू झालेली असायची. साहेब खाली उतरले की कपाळावरचा नसलेला घाम पदराने पुसून ती म्हणायची, "काम चालू हाय की, साहेब."

काम म्हणजे होडीची दुरुस्ती. ती कधीपासून चालू होती ते विचारू नका. तेवढ्या काळात करमाळ्याचा रस्ता दोनदा खणून एकदा बुजवून झाला होता.

मी तिथला धक्का-कारकून. सोलापूरचा माणूस, नवी पेठेत वाढलेला. समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि तोही नेमका ओहोटीला. नेमणुकीच्या कागदावर 'बंदर' हा शब्द वाचून आईने शेजारी पेढे वाटले. मुलगा कोकणात निघाला, असं तिला वाटलं. मी निघालो होतो करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. धरणामुळे नदीचं पाणी मागे पसरून गावांच्या मधोमध येऊन बसलं आहे. अलीकडे सोलापूर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्हा. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून लोक होडीने जातात.

आमच्या खात्याकडे धक्क्याची नियमावली आणि दरपत्रक तयार होतं, ते समुद्रावरचं. नवं करायचं तर कुणाला तरी इथे येऊन पाणी पाहावं लागलं असतं. त्यापेक्षा तेच फलकावर रंगवून घेतलं. सरकारी फलक उभं राहून वाचायची खोड तुम्हालाही असेल, तर हा फलक तुम्हाला आवडला असता. नांगर टाकण्याचं शुल्क होतं. इथल्या होडीचा नांगर म्हणजे दोरीला बांधलेला धोंडा. दीपगृह शुल्क होतं. दीपगृह म्हणजे खांबावरचा एक दिवा, जो मी आल्यापासून पेटलेला नाही. हत्तीचा दर होता, मोटारसायकलचा नव्हता. त्यामुळे मोटारसायकल मी 'इतर जनावरे' या सदरात घ्यायचो. रोजच्या तक्त्यात भरती-ओहोटीची वेळ लिहायची असे. मी लिहिलं, भरती ऑगस्ट, ओहोटी मार्च. वरून अजून कुणी शंका काढलेली नाही.

उन्हाळ्यात पाणी इतकं मागे सरतं की धक्का बाभळीच्या रानात कोरडा उभा राहतो. होड्या तिकडे लांब चिखलात लागतात. पण शुल्क धक्क्यावरच घ्यायचं असल्यामुळे लोक आधी धक्क्यावर येतात, पावती घेतात आणि मग पाणी शोधायला निघतात.

आक्का या सगळ्याच्या आधीपासून तिथे होती. धक्का व्हायच्या आधी त्या जागी नुसता काठ होता, आणि काठावर प्लास्टिकचा कागद ताणून तिने चहाचा स्टोव्ह मांडला होता. खात्याने तिच्याभोवती धक्का बांधला. बांधणारे मजूर तिचाच चहा प्यायले.

मग आमचे निरीक्षक साहेब पहिल्यांदा तपासणीला आले. कागदाखालची किटली, बरण्या, पोतं पाहून त्यांनी मला विचारलं, "हा माल कुणाचा?"

"माल न्हाय ओ, मी हाय," पोत्यामागून आवाज आला.

साहेबांची अडचण तुम्ही समजून घ्या. आमच्या नियमावलीप्रमाणे धक्क्यावर तीनच गोष्टी असू शकतात, प्रवासी, माल आणि नौका. आक्का कुठे जात नव्हती, म्हणून प्रवासी नव्हती. तरंगत नव्हती, म्हणून नौका नव्हती. उरला माल. चोवीस तासांच्या वर पडून राहिलेल्या मालाला वजनावर रोजचा दंड, आणि दंड न भरल्यास माल उचलून नेण्याचा अधिकार खात्याला.

"वजनावर व्हय? मग तोला की मला," आक्का उठून उभी राहिली. "कारखान्यावर ऊस तोलत्यात तसं तोला. साडीचं वजन वजा करा म्हंजे झालं."

साहेब लाजले. पण सरकारी माणूस लाजला तरी शेरा मारतोच. आठ दिवसांत जागा मोकळी करावी, असं लिहून ते गेले.

त्या संध्याकाळी आक्का फलकासमोर बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यात फुकट काय हाय?"

इतके लोक त्या फलकासमोर उभे राहून गेले. कशाला किती, एवढंच सगळ्यांनी विचारलं. फुकट काय आहे, हे विचारणारी ती एकटीच. मी शोधलं. अगदी तळाला, रंग संपत आल्यावर लिहिल्यासारखी एक ओळ होती. दुरुस्तीसाठी काठावर ओढून घेतलेल्या नौकेस शुल्क माफ.

दुसऱ्या दिवशी मी आलो तर प्लास्टिकचा कागद नव्हता. त्या जागी एक लाकडी होडी पालथी घालून, एका बाजूने दगडांवर उचलून ठेवली होती, आणि तिच्या पोटात स्टोव्ह पेटला होता. होडी तिच्या नवऱ्याची. तो पूर्वी माणसं पार करायचा. मग होडी गळायला लागली आणि तो श्रीपूरला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला गेला. होडी लव्हाळ्यात पडून होती, ती आक्काने चार जणांना हाताशी धरून ओढत आणली.

"हे काय, आक्का?"

"दुरुस्ती," ती म्हणाली आणि चहा पुढे केला.

मी तक्त्यात लिहिलं, एक नौका, दुरुस्तीसाठी, शुल्क माफ. साहेबांनीही ते मान्य केलं. दुरुस्ती कुठवर आली हे पाहायला त्यांना होडीखाली वाकून जावं लागायचं. आत गेल्यावर बसावं लागायचं. आणि बसल्यावर आलं घातलेला, साखर ओतलेला चहा कुणी नाकारतो का? बाहेर येऊन मिशा पुसत ते शेरा लिहायचे, 'प्रगती समाधानकारक.'

आता ती बाई मोठी साळसूद होती, असं मी म्हणणार नाही. कालची भजी आज तळून गरम करायची. सुट्टे पैसे नाहीत म्हणून लिमलेटच्या गोळ्या द्यायची. भांडायला तर कुणीही चालायचं. पण पाण्यावर वारं सुटलं की ती होडीखालून बाहेर यायची, पलीकडच्या काठाकडे डोळे बारीक करून बघायची आणि उठलेल्या माणसांना दटावायची, "बसा गप खाली. वारं हाय."

धोक्याच्या वेळी लाल बावटा लावावा, असं आमच्या नियमावलीत आहे. बावटा अजून मंजूर व्हायचा आहे.

एकदा एक पाहुणा तिच्यावर उखडला. त्याला पलीकडे लग्नाची बोलणी करायला जायचं होतं. "चहा खपवायचा धंदा आहे हा तुमचा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. आक्काने त्याच्या हातात भरलेला कप दिला. "ह्येचं पैसं नगं. पर बसा." तो रागारागाने प्याला, पण बसला. वारं पडल्यावर गेला. पुढे त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, त्यावर अक्षता लावलेल्या होत्या, आणि आक्काच्या नावापुढे 'सहपरिवार' लिहिलं होतं. ती मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावायची.

सगळं असं छान चाललं होतं, म्हणजे खात्याच्या नजरेस यायलाच हवं होतं. वरच्या कचेरीत कुणीतरी माफीची प्रकरणं तपासायला घेतली. एवढ्या दिवसांत समाधानकारक प्रगती होऊनही होडी पुरी कशी झाली नाही, असा प्रश्न आला. हुकूम निघाला. पाऊसपाणी झाल्यावर होडी पाण्यात घालून दाखवावी. तरंगली तर ती चालू नौका, माफी बंद, पालथी घालून ठेवायची नाही. बुडाली तर ती मोडीत, खात्यामार्फत उचलली जाईल.

मी हे आक्काला समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि स्टोव्हला पंप मारत होती. पंप मारायची गरज नव्हती.

"म्हंजे तरली तरी जागा गेली, न्हाय तरली तरी गेली," ती म्हणाली.

"तसंच."

"लई हुशार मानूस बसलाय वर."

तिची आशा आता एकाच गोष्टीवर होती. होडी तरंगायला हवी, पण थोडी गळायलाही हवी. तळाला वीतभर पाणी दिसलं की दुरुस्ती अपुरी, आणि अपुरी म्हणजे दुरुस्ती चालू, माफीही चालू. नवरा श्रीपूरहून आला. कारखाना बंद होता, त्याला सवड होती. बाकीच्या होडीवाल्यांनी काथ्या आणला, डांबर आणलं. फटी ठोकून भरल्या. इतक्या काळात पहिल्यांदाच तिथे खरी दुरुस्ती चालली होती आणि ती पाहायला एकही साहेब आला नाही. सगळ्यांच्या मताने तळाची एक फट तशीच ठेवली. नवऱ्याच्या ते जिवावर आलं. "फट दिसत आसताना हात गप कसा ठिवायचा?" तो म्हणत राहिला. आक्काने त्याच्या हातातला काथ्या काढून घेतला.

वरच्या धरणांचं पाणी सुटलं आणि धक्क्याच्या पायऱ्यांना लागलं. साहेब सकाळी यायचे होते, म्हणून आदल्या संध्याकाळीच होडी पाण्यात सोडून बांधून ठेवली. वीतभर पाणी साचायला रात्र पुरे होईल, असा सगळ्यांचा हिशेब.

सकाळी आम्ही सगळे होडीच्या काठावर वाकलो. आत पाणी नव्हतं. कधीचं वाळलेलं लाकूड रात्रभर पाणी पिऊन फुगलं होतं आणि ठेवलेली फट त्याने आपली आपण मिटून घेतली होती. एवढे होडीवाले जमले होते, पण एकालाही हे आधी आठवलं नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात त्या दिवसांत नियमच इतके भरले होते.

साहेब आले. वाकून त्यांनी तळावर हात फिरवला. मग पुन्हा फिरवला, दुसऱ्या बाजूला. तो माणूसही ओल शोधत होता, हे मला दिसत होतं. हात कोरडा निघाला.

"नौका सुस्थितीत," ते हळू म्हणाले. मला लिहावं लागलं.

आक्काने नवऱ्याकडे बघितलं, तो मान खाली घालून उभा होता. खरं सांगू का, त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याच्या खाली थोडं बरंही वाटलेलं होतं. होडी कोरडी तरंगत होती. होडीवाल्याने अजून काय करायचं असतं?

"भाऊसाहेब," आक्काने विचारलं, "पल्याड आसला फलक हाय का?"

पल्याड दुसरा जिल्हा. तिकडे अजून खातं पोचलेलं नव्हतं. मी नाही म्हणालो. तिने स्टोव्ह उचलला, किटली उचलली, बरण्या पोत्यात भरल्या आणि एकेक करून होडीत ठेवल्या. लग्नाची पत्रिका ब्लाउजमध्ये खोचली. मग स्वतः बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मार वल्हं." आमच्या धक्क्यावरून एक प्रवासी, थोडा माल आणि एक नौका एकाच वेळी गेली. साहेब मागे वळून जीपपर्यंत चालत गेले. मी पावती फाडली नाही. लिहिण्यासारखं मला काही सुचलं नाही.

त्यानंतर आमचा धक्का अगदी नियमाप्रमाणे झाला आहे. स्वच्छ, मोकळा. कुणी तिथे बसत नाही. ती गेल्याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे लिहायला तक्त्यात सदर नाही म्हणून इथे लिहितो.

परवा साहेब तपासणीला आले होते. सगळं ठाकठीक होतं, बघायला काहीच नव्हतं. ते जरा वेळ फलकाखाली उभे राहिले. मग पाण्यापलीकडे बघत त्यांनी विचारलं, "ती तिकडेच आहे का अजून?"

"आहे. धूर दिसतोय तो तिचाच."

साहेबांनी खिशातून पैसे काढून माझ्यापुढे धरले. मी त्यांची पावती फाडली, प्रवासी, एक. ते होडीत बसले. "काही निरोप?" त्यांनी विचारलं. मला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हणालो, "काही नाही."

होडी लहान होत पलीकडे पोचली. काठाशी येताच एक बाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने हात वर करून दोरी झेलली. आमच्याकडे होती तेव्हाही येणाऱ्या प्रत्येक होडीची दोरी तीच झेलायची. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण त्याची कधी पावती नव्हती. आमच्या धक्क्यावर त्या कामासाठी खात्याने आता लोखंडी खुंट बसवला आहे. त्याचं शुल्क वेगळं.