काकांचा नारळ आणि प्रकाशाची चिप

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. यावर मी जन्मभर हसत आलोय, आणि खरं सांगू का, आजही माझा विश्वास नाही... पण झालं ते असं.

मी पुण्यात पीएचडी करतो. विषय — विजेऐवजी प्रकाशावर गणितं करणारी चिप. तिच्यात प्रकाशाच्या वाटा असतात आणि प्रत्येक जोडावर एक इवलासा हीटर. तो तापवून प्रकाश हवा तसा वळवायचा. जोड थोडे असले की छान चालतं. शेकडो झाले की प्रत्येकाची बारीकशी चूक पुढे सरकत जाते आणि उत्तराचा पार विचका होतो. मी एकेक जोड तपासला, सगळे ठणठणीत! सर म्हणाले, सोमवारपर्यंत जमलं नाही तर ही चिप सोड. म्हणजे माझी तीन वर्षं मातीत.

शनिवारी दुपारी आमच्या गावी, धाडमध्ये, घराच्या ओसरीत चिपच्या नकाशाचे कागद पसरून बसलो होतो. गावातलेच नामदेवकाका आले. काका पायाळू. तळहातावर नारळ आडवा ठेवून विहिरीची जागा सांगायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. आमच्याच शेतात त्यांनी दाखवलेली जागा कोरडी निघाली, गाव हसलं, आणि काकांनी नारळ सोडला.

काय हुडकून राह्यला, म्हणाले. मी वैतागलेलो. यातला एक जोड खोटं बोलतोय, काढा तुमच्या नारळानं शोधून, असं बोलून गेलो आणि जीभ चावली. काका रागावले नाहीत. आमच्या देवघरातला नारळ घेऊन आले, कागदांवरून सावकाश हात फिरवला... आणि एका जागी नारळ उभा राहिला. मी समोरच होतो, त्यांची बोटं हलली नव्हती.

"इथं पाह्य."

तो जोड मी दोनदा तपासला होता. तरी त्यांचं मन राखायला लॅपटॉपवरून पुण्यातली चिप जोडली, आणि या वेळी आजूबाजूचे हीटरही तापवले. एकटा असताना शहाणा असलेला जोड शेजारी तापले की भरकटत होता! प्रकाश त्याला वळसा घालून नेला. उत्तरं बरोबर यायला लागली.

शेजारचे हीटर तापवायची अक्कल माझी, कबूल. पण शेकडो जोडांतला नेमका तोच कसा? सोमवारी सरांनीही हेच विचारलं.

त्या दुपारी उत्तरं जुळली तेव्हा काका दारात चपला घालत होते. मागे न बघता विचारलं, "लागलं का रे?"

"लागलं, काका."

कोरड्या विहिरीनंतर काका मागच्या गल्लीनंच ये-जा करायचे. त्या दिवशी ते भर चौकातून घरी गेले.