सलग तीन शून्यं

माझी मुलगी अमरावतीला मानसशास्त्र शिकते. दोन वर्षांपूर्वी होळीनंतर ती परीक्षेच्या आणि प्रकल्पाच्या तयारीसाठी तीन आठवडे अकोल्याला घरी आली, तेव्हा तिच्या लॅपटॉपमध्ये एक उंदीर होता. त्याने पडद्यावरची दांडी दाबली की दाणा टाकायचा, मग तो पुन्हा दाबतो. दाणा बंद केला की आधी चिडल्यासारखा भराभर दाबतो, मग सोडून देतो. लागलेली सवय अशी मोडण्याला विलोपन म्हणतात. काम झालं की एक बटण दाबायचं, काहीच न शिकलेला नवा उंदीर येतो.

प्रकल्पात तिला पडद्यावरच्या आणि खऱ्या प्राण्याची तुलना करायची होती. खरा प्राणी फाटकाशीच बसलेला होता. गल्लीतलाच तपकिरी कुत्रा, सहा वर्षं आमच्या पोळीवर जगलेला.

गावची बैलजोडी विकली तेव्हा एका बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा मी ठेवून घेतली होती. ती फाटकाला बांधली. रोज दहा वेळा घंटा वाजवायची, कुत्रा आला की पोळीचा तुकडा द्यायचा. वही मी सांभाळली, कारण आकड्यांचं काम मी दुसऱ्यावर सोडत नाही. उंदराला चाळीस मिनिटं लागली होती, कुत्र्याला चार दिवस. पाचव्या दिवशी तो गल्लीच्या टोकावरचं भांडण अर्धवट टाकून धावत आला. दहापैकी दहा वेळा.

"बाबा, विलोपन उंदराचंच दाखवते मी," मुलगी म्हणाली. "याचं राहू द्या."

मी ऐकलं नाही. दोन्हीकडे रकाने सारखे नसतील तर तुलना कसली? सलग तीन दिवस शून्य आल्याशिवाय विलोपन पूर्ण धरायचं नाही, हा नियमही माझाच.

बायको दारातून बघत होती. "तो भरोशावर धावत येते अन् तुमी त्याले तसाच वापस पाठवता. काहून?"

"संध्याकाळी जेवण मिळतेच ना त्याले. फक्त घंटीवर नाही देत."

"त्याले काय मालूम तुमची वही."

पोळी बंद केल्याच्या पहिल्या दिवशी तो दहाही वेळा आला. माझ्या हाताकडे बघायचा, मग तोंडाकडे. तोंडाकडे बघण्याला वहीत रकाना नव्हता. उंदीर पडद्यातून वर कधी बघत नाही. अकराव्या दिवशी शून्य आलं, तेराव्या दिवशी तिसरं. मी खाली लाल रेघ मारली. मुलगी फाइल घेऊन गेली. पुन्हा घंटेवर पोळी द्यायला सुरुवात करू, असं मी रोज ठरवायचो.

मे महिन्यात एका दुपारी समोरच्या प्लॉटवर रेतीचा टिप्पर आला. रेती रिकामी करून ड्रायव्हर सावलीत पाणी प्यायला बसला. मग उठून त्याने गाडी सुरू केली, तेव्हा मला टिप्परखाली, मागच्या चाकाशी, कुत्रा झोपलेला दिसला. मी फाटकात होतो. माझा हात घंटेकडे गेला.

कुत्र्याने एक कान उचलला. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली ठेवली. मी आणखी दोनदा वाजवली. तोवर चाक फिरलं होतं.

ड्रायव्हर उतरला. "साहेब, दिसलंच नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण तुमी घंटी काहून वाजवून राहिले होते? मले आवाज द्यायचा ना."

बायकोने जुनं पोतं आणून दिलं.

आठवड्याने मुलीचा फोन आला. परीक्षकांना तक्ता आवडला होता, विशेषतः ती तीन शून्यं. तेव्हा मला सांगावं लागलं.

"तुम्ही घंटा वाजवली होती का, बाबा?"

"तीनदा," मी म्हटलं.

पुढचं तिने विचारलं नाही.