इशारे बंद न करणाऱ्या विमलताई

विमलताई भोयर यांची आणि माझी ओळख काळजीत झाली, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीचा हा लेखही मी काळजीतच लिहिते आहे. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, "वय झालं माय, धाप लागनारच."

नालवाडीच्या त्यांच्या छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयात मी रुजू झाले तेव्हा एका पॅथॉलॉजी लॅबचं जुनं युनिक्स मशीन शेवटच्या घटका मोजत होतं. त्यावरचा रक्ततपासणीचा प्रोग्राम नव्या लिनक्स मशीनवर नव्याने बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा होता. लॅबचे सारखे फोन येत होते. आमचे सहकारी प्रशांत यांनी वेळ वाचावा म्हणून जुन्या मशीनवर कोणता आकडा किती जागा घेतो ती मापं सांगणारी कॉन्फिगरेशन फाईल जशीच्या तशी उचलली. बांधताना काहीतरी चुकतंय असं सांगणारे पडदाभर इशारे, म्हणजे वॉर्निंग आल्या, तर त्यांनी इशारेच बंद केले. प्रोग्राम सुरू झाला आणि आम्ही पेढे मागवले.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. "काऊन रे प्रशांत, इशारे कुठी गेले?"

"बंद केले ताई. प्रोग्राम तं चालून राह्यला न."

"चालून राह्यला, पन बरोबर चालून राह्यला काय? मशीन सांगून राह्यली होती, तुनं तिचं तोंडच दाबलं."

त्यांनी जुने अहवाल नव्या मशीनवर काढायला लावले, आणि मी ते छापील प्रतींशी ताडून पाहिले. नवं मशीन आकड्यांना जास्त जागा देत होतं, फाईल मात्र जुनंच माप सांगत होती. सगळ्या नोंदी सरकल्या होत्या. नाचणगावच्या एका आजींच्या नावापुढे भलत्याच माणसाचं हिमोग्लोबिन आलं होतं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी ती फाईल काढून टाकली, नव्या मशीनलाच त्याची मापं विचारायला लावली आणि इशारे पुन्हा सुरू केले. "पह्यला इशारा आधी पाह्य. बाकीचे अर्धे त्याच्याचपायी असते." लॅबला फोनही त्यांनीच केला, "उशीर माह्यामुळं झाला." प्रशांत यांचं नाव त्यांनी कधीच कुणापुढे काढलं नाही.

पुढे माझ्या आईचं पोट वरचेवर दुखू लागलं. आम्ही घरचे 'गॅस असेल' म्हणून ओवा देत होतो. ताईंना कळलं आणि त्यांनी एवढंच म्हटलं, "तयार राह्यजो, मी येतो." त्यांनीच आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन वेळेवर झालं. आई आजही माझ्याशी भांडते, ही ताईंची कृपा.

म्हणूनच ताई, मला तुमची काळजी वाटते. दुसऱ्यांचा एकही इशारा तुम्ही सोडला नाहीत आणि स्वतःचे मात्र बंद करून बसला आहात. तुम्ही शंभरी गाठावी असं आम्हा सगळ्यांना वाटतं, पण त्याआधी सेवाग्रामची रांग गाठू. तुमच्या पंच्याहत्तरीचा सत्कार रविवारी आहे. सोमवारी सकाळी मी आणि प्रशांत गाडी घेऊन दाराशी असू.

तयार राहा, मी येते.