डावी बाजू

माझ्या लहानपणच्या दोस्ताला, शिवलिंगला, ऑपरेशनसाठी आत नेलं त्या सकाळी त्याचा हात माझ्या हातात होता. स्ट्रेचर चालू लागलं तसा तो हळूच म्हणाला, "बाळ्या, ह्याला बी ब्रेक न्हाई बे." मी उसनं अवसान आणलं. म्हटलं, "भिऊ नको. दिशा मी बघतो." तर हा चक्क हसला. "तू? तुला डावं-उजवं तरी कळतंय का?" दार लागलं... ऑपरेशन झालं, पण तो शुद्धीवर आलाच नाही. बाराव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर त्याच्या बायकोनं, वहिनींनी, मला विचारलं, "आत जाताना हे कशाला हसले हो?" तेव्हा काही मला सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आम्ही मांजरसुंब्याचे. शिवलिंगच्या वडिलांचा, अण्णांचा, कापडाचा धंदा. बाजाराच्या गावांना टेम्पोतून माल न्यायचे. नव्वदच्या दशकात गावात केबल आली, एसटीडीचे बूथ आले, आणि फाट्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंनी दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. कॅसेट एकच. त्यात एक विमान बोगद्यात शिरायचं आणि आपोआप पुढं जात राहायचं. आपण फक्त ते डावी-उजवीकडं, वर-खाली सरकवायचं आणि समोर येईल त्याला गोळ्या मारायच्या. थांबायची सोय नाही. आजकाल असला गेम मुलं हसण्यावारी नेतील, पण त्या अंधाऱ्या खोलीत बाहेरून ट्रकचा आवाज आला की बोगद्याची भिंत आपल्याच अंगावर येतेय असं वाटायचं.

त्या गेमबद्दल फाट्यावर प्रत्येकाचं मत होतं. पंक्चरवाला म्हणायचा, दिसंल त्याला हाणत सुटा. धाब्यावरच्या आचाऱ्याचं म्हणणं, कोपरा धरून गपचूप बसायचं, कोपऱ्यात मरण येत नाही. खुद्द सलीमभाईंना तर गेममध्येच खोट वाटायची. रस्त्याकडेला जन्म गेलेला माणूस, बिनब्रेकची गाडी त्यांच्या डोक्यात बसेना. "ब्रेक तो देनाच पडता. इसकी वायर निकल गई रहेगी," असं म्हणत त्यांनी एकदा गेमचा, हातात धरून खेळायचा रिमोट खोलून ब्रेकची वायर शोधली. आम्ही सगळे बॅटरी धरून उभे. वायर काही सापडली नाही, पण ती नक्की तुटलेलीच आहे यावर फाट्याचं एकमत झालं.

शिवलिंग या चर्चेत पडायचा नाही. तो गेमला माझ्याहून जास्त भ्यायचा, आणि त्याला कारण होतं. लहानपणी अण्णांबरोबर बीडला माल आणायला जाताना, घाट उतरताना टेम्पोचे ब्रेक गेले होते. अण्णांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि पोराला सांगितलं, "तू हारन सोडू नको, गाडी मी बघतो." पोरगं रडत रडत हॉर्न दाबून बसलं. खाली सपाटीला मातीच्या ढिगात टेम्पो थांबला तरी त्याचा हात हॉर्नवरून निघेना.

मग इतकं भ्या असताना आम्ही खेळायला का जायचो? राहवत नसे, एवढंच. एकट्यानं रिमोट धरायची दोघांचीही छाती होईना, तेव्हा शिवलिंगनंच युक्ती काढली. रिमोट दोघांच्या मांडीवर मधोमध ठेवायचा. डावीकडं दिशेचं बटण, त्यावर त्याचा अंगठा. उजवीकडं गोळ्यांचं, त्यावर माझा. "तू गोळ्या सोडू नको, दिशा मी बघतो." शब्द अण्णांचे होते, हे मला फार उशिरा कळलं. लोक हसले, "अर्धे गडी" म्हणाले. पण अर्धे अर्धे आम्ही जितके आत गेलो, तितकं फाट्यावरचं कुणी गेलं नाही. बोगदा संपतो का, यावरही वाद व्हायचा. शिवलिंग म्हणायचा, "संपतोच. संपत न्हाई तर खणला कशाला आसंल?" आम्हाला काही तो संपताना दिसला नाही. दर वेळी लाइट जायची, नाहीतर आम्ही मरायचो.

पुढं जन्मभर असंच चाललं. डी.एड.ला जाऊ का, सुनंदाचं स्थळ बघू का, बीडला घर बांधू का... मी विचारायचो, तो सांगायचा. माणसानं स्वतःचं डोकं वापरावं हे खरं, पण माझं चाललं होतं ना नीट. सलीमभाईंनी दुकान बंद केलं तेव्हा तो रिमोट शिवलिंगनं मागून घेतला. त्याच्या कापडाच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, गणपतीशेजारी तो असायचा.

परवा वहिनींनी तो मला दिला. डावं बटण झिजून गुळगुळीत झालंय, उजव्यावरचा रंग गेलाय. मी हातात घेतला, तर माझा डावा अंगठा बटणावर जाईना. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते. कारण जे दुखणं त्याच्या छातीत निघालं, तेच आता माझ्याही छातीत निघालंय. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. करू का नको, हे ज्याला विचारायचं तोच त्यातून परत आला नाही. कितीतरी दिवस मी आचाऱ्याच्या मतानं कोपरा धरून बसलो होतो.

शेवटी हो म्हणालो. भीती तेवढीच आहे. दवाखान्याच्या पिशवीत टॉवेल, तांब्या आणि तो रिमोट भरलाय. बायकोला, सुनंदाला, सांगून ठेवलंय, मला आत नेईपर्यंत ह्याची डावी बाजू तू धर.

"कावून?" तिनं विचारलं.

म्हटलं, "मी नुसता गोळ्या मारणारा हाय गं. दिशा कुणीतरी बघाया पाहिजे."

तिनं रिमोट घेतला, पदरानं पुसला आणि डाव्या बटणावर अंगठा ठेवून बघितला.