गाडीच्या पोटाला मुशीचं तेल

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि शाई फुटलेली, वाया गेलेली पत्रकं घरी आणायचे. पाणीपट्टी कमी करा. मच्छीमारांना वेळेवर डिझेल द्या. हुंडा घेऊ नका, देऊ नका. मी वाचायला शिकले ती यांच्यावर. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो, मुद्दे मागाहून येतात.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत छोट्या व्हॅन दिसायला लागल्या, तेव्हा वडील आणि धाकटे काका यांनी मिळून एक घेतली. वडिलांना स्टिअरिंगची धास्ती. काका होडीवाले, त्यांचा दिवस मिरकरवाड्याच्या बंदरात जायचा. मग आई शिकली. आळीत गाडी चालवणारी ती पहिली बाई. आजोबांना दवाखान्यात नेणं, आम्हा भावंडांना शाळा-कॉलेजात सोडणं, लग्नाकार्याला अख्खं घर पोचवणं, सगळं तिच्याकडे. लोक वळून बघायचे. ती मात्र रस्त्याकडे बघायची.

गाडीची निगा काकांकडे. पावसाळ्याआधी ते होडीला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावायचे, लाकूड टिकावं म्हणून. त्याच दिवशी, त्याच डब्यातलं तेल, त्याच फडक्याने ते व्हॅनच्या पोटालाही चोपडायचे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजू नये म्हणून. दोन दिवस गाडीत बसवत नसे, इतका वास. पण कोणी काही बोलायचं नाही, काका मायेने लावत होते.

काही वर्षं गाडी गुपचूप चालली. मग पुढून आवाज यायला लागला. डांबरावर काही नाही, पण जांभ्या दगडाच्या कच्च्या रस्त्याला लागली की खडक्, खडक्. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलले. आवाज होता तिथेच. तेव्हा तो हात पुसत काकांना म्हणाला, "चालवणाऱ्याचा हात जड असंल."

काकांनी ते वाक्य घरी आणलं. जेवताना म्हणाले, "वयनी, राग नको. पण गाडीला बाईचा पाय मानवत नाय. सोमवारपासून एक ड्रायव्हर सांगितलाय. चावी त्याच्याकडं ऱ्हाऊदे."

वडील म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे होकारच.

आईने काकांच्या पानात आणखी भात वाढला. "सोमवारपर्यंत चावी माझ्याकडेच ना, भावजी?"

"हाय की."

"मग झालं."

मी आत जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'चावी कोणाची?' खाली घाम, हक्क, पिढ्यान्‌पिढ्यांचा जुलूम, सगळं घातलं होतं. आईने ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयस गो. पण गाडी का वाजते ते कुठे लिहिलंय यात?"

मी पत्रक पुन्हा चाळलं. कुठेच नव्हतं.

रविवारी सकाळी तिने गाडी अंगणात घेतली. आधी आतलं सगळं बाहेर काढलं, जॅक, पाने, सीटखाली लोळणारी बाटलीसुद्धा, म्हणजे त्यांचा आवाज वगळला. मग होडीचा जुना जाड दोर अंगणात तिरका टाकला आणि मला पुढच्या चाकांजवळ उभं केलं. ती चालण्याच्या वेगाने एकेक चाक दोरावरून न्यायची आणि मी ऐकायची. उजव्याला आवाज बारीक. डाव्याला खणखणीत.

"डावं," मी म्हणाले.

"असणारच. रस्त्याच्या कडेचे सगळे खड्डे डाव्यालाच मिळतात."

तिने गाडीचा पुढचा कोपरा अंगाच्या भाराने दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली, झुलली नाही. म्हणजे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बरे होते. मग मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावून डावं चाक जॅकवर उचललं. वर-खाली धरून हलवलं, आडवं धरून हलवलं. खेळ नाही. मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, ती कान लावून बसली. काही नाही.

"आता खाली," ती म्हणाली, आणि गाडीला आणखी चिऱ्यांचा आधार दिला. अंथरायला काही हवं होतं. मी पत्रकांचा गठ्ठा आणला. हुंडाबंदीवर पाठ टेकून माझी आई गाडीखाली शिरली.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. तो जिथे बसतो तिथे रबराचा बुश असतो, लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. तिने तिथे पहार अडकवून जरा दाबली.

ठक्.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा ठक्. तोच आवाज. एखाद्या सभेत टाळ्या पडाव्यात तसं मला वाटलं.

तेवढ्यात काका बंदरावरून आले. गाडीखालून बाहेर आलेले आईचे पाय बघून म्हणाले, "वयनी, काय हरावलं?"

"सापडलंय. या खाली."

काका लुंगी सावरत शेजारी आडवे झाले. आईने पहार दाबली. ठक्. काकांनी बोट लावलं. रबर फुगलेलं, मऊ, फणसाच्या शिजलेल्या गऱ्यासारखं बोटाला चिकटत होतं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. मिरकरवाड्यातल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

"हे तर मुशीचं तेल," काका म्हणाले. "मीच लावलं."

"हो."

"होडी टिकली ना त्याच्यावर."

"होडीला रबर नसतं, भावजी."

खालून आधी खोकला आला, मग हसू. काका हसत होते. आईही. मी उभी होते आणि माझ्या पत्रकातलं एकही वाक्य मला तिथे बसवता येईना.

सोमवारी ड्रायव्हर आला. काकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "चुकी झाली रे माझी. गाडीला ड्रायव्हर हाय." आई तोवर गॅरेजात पोचली होती. तिने तिथे जड हाताविषयी एक अक्षर काढलं नाही. पुढचे बुश बदला, एवढंच सांगितलं, आणि बदलून होईपर्यंत तिथेच उभी राहिली. येताना मुद्दाम कच्च्या रस्त्याने आली, एकही खडक् नाही.

पुढच्या मे महिन्यात काका होडीचं काम आटपून डबा आणि फडकं घेऊन अंगणात आले. गाडीपाशी थांबले आणि आत हाक मारली.

"वयनी, कुठं लावू आणि कुठं नको?"

आई खडू घेऊन गाडीखाली गेली. जिथे जिथे रबर होतं तिथे तिने पांढऱ्या फुल्या मारल्या. काका त्या फुल्या चुकवत, हळूहळू, पत्र्याला तेल लावत राहिले. मी त्यांना पत्रकं अंथरून दिली होती.