चार भिंतींबाहेर ऐकू आलेलं रडणं

तुर्स्तां हा चौथा मुलगा. वाटण्या होईतो त्याच्यासाठी घराण्याचा अभिमान तेवढा शिल्लक राहिला. म्हणून त्याने होदिएर्नशी लग्न केलं. तिच्या नावावर पाणचक्की, सफरचंदांची बाग आणि साठ एकर जमीन होती. पुढे तिच्यावर त्याचा जीवही जडला, हे त्याने हिशेबात धरलं नव्हतं.

आमच्या नॉर्मंडीत कायदा सोपा आहे. मूल जिवंत जन्मलं, तर बायको गेल्यावरही नवऱ्याला तिच्या जमिनीवर राहता येतं. मूल नंतर दगावलं तरी चालतं. पण ते रडलं पाहिजे, आणि ते रडणं चार भिंतींबाहेरच्या पुरुषांनी ऐकलं पाहिजे. नाहीतर जमीन माहेरी परत.

दोन मुलं मेलेलीच जन्मली. तिसऱ्या खेपेला होदिएर्न अडली, तसा तिचा भाऊ सेर्लो सकाळीच आला. बहिणीसाठी मेणबत्ती आणली होती आणि साक्षीला दोन शेजारी. त्यातला एक मी.

उन्हं वर येईतो मूल झालं आणि होदिएर्न गेली. रीत मोडून तुर्स्तां आत धावला. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, बाळ सोडून.

"चिमटा काढ त्याला!"

"काढला की मालक, दोनदा," सुईण रिशेल्द म्हणाली. "श्वास घेतोय, तुमच्याकडं बघतोय. रडायला बळ नाही लेकराच्या छातीत."

"गार पाणी घाल!"

"ते बाप्तिस्म्याला घातलं मघाशी. आता धरा त्याला. थोडाच वेळ आहे."

तुर्स्तां दाराशी येऊन ओरडला, "सेर्लो, जिवंत आहे रे! माझं बोट धरलंय त्यानं. आत येऊन बघ!"

"बाळंतिणीच्या खोलीत आम्ही कसे येणार, जावईबापू? आम्ही रीत पाळणारी माणसं."

"बहीण मरून पडलीय तुझी इथं!"

"म्हणून तर हळू बोलतोय."

मग बराच वेळ आवाज नाही. आणि एकाएकी रडणं ऐकू आलं, मोठ्याने, थांबता थांबेना असं. सेर्लो पांढराफटक पडला. क्षणभराने त्याला आवाज ओळखू आला, तेव्हा त्याने सभ्यपणे टोपी काढली.

न्यायसभेत रिशेल्दला कोणी विचारलं नाही. एक तर बाई, त्यात भिंतींच्या आतली. मला शपथ घातली.

"रडणं ऐकलंस?"

"ऐकलं."

तुर्स्तांने मान वर केली.

"कुणाचं?"

"बापाचं."

दुपारपर्यंत जमीन सेर्लोची झाली. मायलेकांची दोन्ही थडगी बघायला तुर्स्तांला केव्हाही येता येईल, असं त्याने सर्वांसमक्ष सांगितलं. फक्त आधी विचारायचं.