पाणकणसांतलं शून्य

काकूच्या गळ्यात मोजपट्टी नसेल तर समजायचं, ती एकतर झोपलीय किंवा पक्षी मोजायला गेलीय. एरवी तिचं जग म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेलं अल्टरेशनचं दुकान: दोन मशिनं, एक आरसा, आणि 'कमर वाढली नाहीये हो, पँटच आटलीय' म्हणणारी गिऱ्हाइकं. पण थंडी पडली की ती पहाटे दुर्बीण घेऊन तळ्यावर जायची. पक्षी-पाहणीच्या कार्यालयाला मोजणारी माणसं लागत, आणि काकूची नजर सुईच्या टोकासारखी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे ती तळ्याच्या पलीकडच्या पाणकणसांत शिरली. माणसापेक्षा उंच, दाट गवत, खाली चिखल. त्या चिखलाने तिला कमरेपर्यंत आत घेतलं. ती ओरडली, पण तिथे आवाज बाहेर जात नाही. देठांच्या जुड्या धरून, कोपरांवर सरपटत ती सुटली. एक बूट आतच राहिला. घरी सांगितलं, नाल्यात पाय घसरला. खरं काय ते फक्त आत्याला, म्हणजे तिच्या नणंदेला ठाऊक होतं, कारण ते कपडे तिनेच धुतले. आत्याला आम्ही घरात रेडिओ म्हणतो, बंद करायचं बटण नसलेला. पण ही बातमी त्या रेडिओवर कधी लागली नाही.

त्यानंतर काकू बांधावरूनच मोजायची. पाणकोंबडी गवताच्या आत राहते, बांधावरून दिसत नाही. दिसली नाही, म्हणून काकू शून्य लिहायची. दर वर्षी. यात खोटं काय आहे, असं स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत मशीन सुरू करायची.

यंदा नगरपालिकेने ठरवलं की ते गवत काढून तिथे बोटी सोडायच्या. तिथे काही राहतच नाही, इतक्या वर्षांची मोजणी बघा, असं सभेत सांगितलं गेलं म्हणे. हे काकूला एका गिऱ्हाइकाने पँटची उंची देता देता सांगितलं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती काही बोलली नाही. मग टाचण्या काढल्या, तरी बोलली नाही.

कार्यालयात नव्या मॅडम आल्या होत्या. गवत काढायच्या आधी एकदा नीट मोजू द्या, असं त्यांनी नगरपालिकेकडून मान्य करून घेतलं. बांधावरची मोजणी चालणार नव्हती. पाणकणसांच्या मधोमध लाल फडक्याची काठी रोवली, तिथपर्यंत फळ्या टाकल्या. काठीपाशी काकूने आणि जोडीला आणखी एकीने पाठीला पाठ लावून उभं राहायचं, बांधावरून मॅडमची शिटी वाजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, ज्याचं त्याने लिहायचं, दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, असं मॅडमनी विचारलं. काकूने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही कळलं नाही. मॅडमनी हो धरलं.

"वन्सं, मी नाही जाऊ शकत," ती घरी आत्याला म्हणाली.

"मग तसं सांग."

"सांगितलं तर विचारतील, आजवर कशी जात होतीस."

आत्या भांडी पुसत होती. पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत म्हणाली, "जोडीला मी येते."

"तुम्ही? गप्प उभ्या राहाल?"

"राहीन गं वहिनी. एकदा मरून बघते."

मग, गवतात आवाजावरूनच मोजायचं म्हणून मॅडमनी मोबाईलवर पाणकोंबडीचा आवाज ऐकवला, आणि आत्याने दोन दिवस तो घरभर असा काढला की काका म्हणाले, आता अंडी तेवढी घालू नकोस.

त्या सकाळी धुकं होतं. काकूने गळ्यात मोजपट्टी घातली होती, पक्षी मोजायला जाताना पहिल्यांदाच. पुढे आत्या, मागे काकू, मुठीत आत्याच्या शालीचं टोक. पाय ठेवला की फळी दबायची आणि खालून चिखल ढेकर द्यायचा. मागे वळून पाहिलं तर बांध नव्हता, नुसतं पांढरं.

काठीपाशी दोघींच्या पाठी टेकल्या. फळी जराशी खाली गेली. बुटाच्या कडेला पाणी आलं. काकूच्या छातीत मशीन सुरू झालं, पायडल अडकल्यासारखं, थांबेना. हाक मारावी, तर पक्षी उडतील आणि सगळी मोजणी बाद. तिने मोजपट्टीचं टोक दातांत धरलं. पाणी वर चढतंय का ते बघत राहिली. चढत नव्हतं. तरी बघत राहिली.

शिटी वाजली.

बांधावर मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. काकूचं शून्य. आत्याच्या चार.

"एकाच ठिकाणी उभ्या होतात ना?" मॅडमनी विचारलं.

आत्या गप्पच राहिली. शिटी वाजून गेली होती, तरीही.

"माझं शून्य धरू नका," काकू म्हणाली. "मला माझ्या छातीशिवाय काही ऐकू आलं नाही." मग तिने मोजपट्टी गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "आधीचीही धरू नका. तेव्हा मी आत गेलेच नव्हते. इथे उभी राहून लिहिलं."

मॅडमनी पिशवीतून जुना तक्ता काढला. काकूला वाटलं, आता काढून टाकतील. तिने नंतर आम्हाला सांगितलं, खरं तर मनात म्हणत होते, काढा बाई एकदाचं, सुटेन. पण मॅडमनी त्यातली शून्यं एकेक करून खोडली, जागा रिकाम्या ठेवल्या, आणि म्हणाल्या, उद्या आणि परवा पुन्हा. हीच जोडी.

"मीच?" काकूने विचारलं.

"तुम्हीच. दोघींचे कागद ताडून तुमच्याकडून किती सुटतात ते कळलं, तरच आत किती आहेत ते कळेल."

दुपारी दुकानात काकू एक बाही घेऊन बसली होती. दोरा सुईत जाईना. बूट दाराशी उलटे वाळत होते. तिने तिकडे न बघता विचारलं, "वन्सं, त्या चार कुठे होत्या?"

आत्याने तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

"दोन लांब होत्या," ती म्हणाली. "दोन तुझ्या पायाशी."

काकूने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग थोड्या वेळाने, उद्या किती वाजता निघायचं, ते विचारलं.